घाटात तापणारी जुनी ऑटोमॅटिक गाडी: पंखा बदलला, तर गिअरबॉक्सचं तेलही बघा

आमची गाडी २००९ सालची. डिझेल, ऑटोमॅटिक गिअर, पंखा पट्ट्यावर फिरणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा आणि आमच्या हलगर्जीचा होता. शिवाय याच बांधणीच्या बऱ्याच जुन्या एसयूव्हींना हेच दुखणं असतं.

दुखणं असं. चाळीसगावहून निघालं की सपाटीवर गाडी एकदम शांत. कन्नड घाट सुरू झाला, पुढे ट्रकची रांग लागली, की तिसऱ्या-चौथ्या वळणाला तापमानाचा काटा मध्यावरून हलायचा. एसी आधी कोमट व्हायचा, मग बंदच पडायचा. वर पोचून गाडी उभी केली आणि मागे घ्यायची म्हणून आर टाकला, की गाडी दोन-तीन सेकंद विचार करायची आणि मग धक्का देऊन मागे सरायची. हा शेवटचा भाग मी दोन वर्षं मनावरच घेतला नाही. माझ्या लेखी गाडी तापते म्हणजे इंजिन तापतं, आणि गिअर धक्का देतो म्हणजे गाडी जुनी झाली. ही दोन वेगळी दुखणी आहेत असं धरून चाललो, तिथेच फसलो.

पहिल्या उन्हाळ्यात रेडिएटर उतरवून सळ्या मारून साफ केला आणि कूलंट नवीन भरलं. पावसाळा, हिवाळा गाडी झकास चालली. दुसऱ्या वर्षी एप्रिल संपता संपता पुन्हा तेच. तेव्हा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, बदलला. जूनमध्ये पाऊस पडला आणि गाडी 'बरी' झाली. तिसऱ्या वेळी वॉटर पंप. आपल्याकडे गाडी तापण्यावरची कोणतीही दुरुस्ती दिवाळीनंतर यशस्वीच ठरते. डिसेंबरच्या पहाटे अंगावर गोधडी लागते, तेव्हा रेडिएटरवर काय परीक्षा होणार? भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी डांबर चटके देतं, तेव्हा घाटात जी टिकली ती दुरुस्ती.

आधी हे बघा: तापते कधी

सुटे भाग बदलण्याआधी मी एवढंच विचारायला हवं होतं. गाडी हळू असताना तापते की वेगात?

ऐंशीच्या वेगाने जाताना समोरून वारा आपोआप येतो, पंख्याचं फारसं काम नसतं. घाटात वीसच्या वेगाने, ट्रकच्या मागे, किंवा फाटक लागल्यावर उभ्या उभ्या तापत असेल, तर रेडिएटरला वारा कमी मिळतोय. पंखा, पंख्याचं कव्हर आणि जाळीत अडकलेला कचरा, या तिघांपैकी कुणीतरी दोषी असतो. उलट धुळ्याकडे सरळ रस्त्याने नव्वदने जाताना काटा चढतो आणि थांबलं की उतरतो, तर वारा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. तेव्हा रेडिएटरच्या नळ्या चोक, पंपाची पाती झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, असे संशय घ्यायचे. आणि दोन्हीकडे तापत असेल, थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, होज पाइप लगेच दगडासारखा कडक होत असेल, तर हेड पॅकिंगची, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग फुटल्याची, शंका. ते या लेखाबाहेरचं काम आहे.

आमची गाडी फक्त हळू असताना तापायची. तरी आम्ही तीन वर्षं पाण्याच्याच मागे लागलो.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. डॅशबोर्डवरचा काटा खरं सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत कूलंटचं तापमान बरंच खालीवर झालं तरी तो मधेच बसून राहील असा बनवलेला असतो, म्हणजे मालक उगाच घाबरायला नको. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, छोटा स्कॅनर घेऊन मोबाइलवर आकडा बघायला लागलो, तेव्हा दिसलं की सपाटीवर ८८ ते ९० अंश असणारं कूलंट घाटात १०४ पर्यंत जातंय आणि काटा जेमतेम एक रेघ हललाय.

पंखा फिरतो म्हणजे पंखा चांगला, असं नाही

गावाबाहेर एक म्हातारे मिस्तरी आहेत. पूर्वी जीपगाड्या आणि ट्रॅक्टर, आता जे येईल ते. त्यांनी बोनेट उघडलं, गाडी सुरू ठेवून पाच मिनिटं नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "पंखा फिरस, पन वारा ओढत नही." मी म्हटलं, बाबा, डोळ्यासमोर फिरतोय की. ते म्हणाले, "कसाले घाई करस भाऊ," आणि गाडी बंद करून चहा सांगितला.

त्यांचं म्हणणं समजायला हा पंखा कसा चालतो ते माहीत हवं. पंखा पुलीवर थेट घट्ट बसवलेला नसतो. मधे चपट्या डब्यासारखी कपलिंग असते, तिला व्हिस्कस फॅन म्हणतात. डब्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. डब्याच्या पुढच्या तोंडावर दोन धातूंची एक पट्टी किंवा गुंडाळी असते. रेडिएटरमधून गरम वारा तिच्यावर आला की ती वाकते, आतली झडप उघडते, तेल दोन चकत्यांमधल्या खाचांत शिरतं आणि त्या तेलाच्या चिकटपणावर पंखा पुलीबरोबर जोरात ओढला जातो. वारा थंड झाला की झडप बंद, तेल मागे, पंखा सैल. गरज नसताना इंजिनवर भार नको, डिझेल वाचावं, आवाज कमी यावा म्हणून ही रचना.

वर्षं गेली की हे तेल सीलमधून थेंब थेंब पाझरतं, पट्टीचा ताण जातो. मग पंखा फिरतो, पण नुसत्या घर्षणावर, आळसाने. इंजिन दोन हजारने फिरत असेल तर पंखा त्याच्या निम्म्यानेही फिरत नाही. डोळ्याला तो फिरताना दिसतोच.

तपासायचं कसं? पहिली परीक्षा सकाळची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा आणि आरपीएम थोडा वाढवा. चांगल्या कपलिंगचा पंखा सुरुवातीला मिनिटभर घोंघावतो, कारण रात्रीतून तेल खाचांत उतरलेलं असतं, मग शांत होतो. आमचा पंखा सकाळी कधी घोंघावलाच नव्हता. आम्ही समजत होतो, गाडी किती सायलेंट आहे.

दुसरी परीक्षा गरम गाडीवर. गाडी घाटातून किंवा बराच वेळ एसी लावून उभी ठेवून गरम करा. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला, आणि मगच हाताने पात फिरवा. पंख्याने जडपणे विरोध केला पाहिजे, ढकलला तेवढाच हलून थांबला पाहिजे. मोकळा सोडल्यावर भिंगरीसारखा दोन-तीन फेरे घेत असेल तर कपलिंग संपली. चहा झाल्यावर मिस्तरींनी हेच करून दाखवलं. आमच्या पंख्याने चार फेरे घेतले.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. कपलिंगच्या मध्यापासून कडेकडे गेलेले काळपट, तेलकट, धूळ चिकटलेले ओघळ दिसतात का? तेच गळालेलं सिलिकॉन. आणि पातीचं टोक धरून पुढेमागे हलवा. खटखट लागली तर बेअरिंग गेलं. ते जास्त धोक्याचं, कारण पंखा डळमळला की रेडिएटरच्या जाळीत घुसतो.

काही जण चालू पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून तो थांबतो का बघतात. हे करू नका. चांगला पंखा असेल तर गुंडाळी आणि बोटं दोन्ही घेऊन जाईल, आणि उपरणं, ओढणी, सैल बाही त्या पट्ट्यापाशी नकोच.

आता जुगाडाबद्दल. आमच्याकडे कपलिंगला दोन बोल्ट मारून किंवा वेल्डिंग करून पंखा कायमचा पक्का करून देतात, आणि घाटात गाडी तापायची थांबतेही. पण मग पंखा प्रत्येक आरपीएमला पूर्ण वेगाने फिरतो. महामार्गावर इंजिन साडेतीन हजारला गेलं की जुन्या प्लॅस्टिकच्या पातीला तडा जाऊ शकतो, आणि ती पात फुटली की रेडिएटर, बोनेट, पट्टे सगळ्यांचा हिशेब एकदम. वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार वेगळाच. घाटात अडकलात आणि घरापर्यंत हळू यायचंय, तर हा जुगाड समजू शकतो. कायमचा नको.

नवीन कपलिंग घेताना दोन गोष्टी. ती दुकानात आणि घरी उभीच ठेवायची, पंखा गाडीत असतो तशी. आडवी पडून राहिलेली कपलिंग बसवायच्या आधीच तेल गाळून बसते. भंगारातून काढलेली मी म्हणूनच घेतली नाही, ती किती महिने कशी पडली होती कोण जाणे. दुसरं, ती पंपाच्या दांड्यावर एका मोठ्या नटाने बसते आणि काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. सोडवायच्या दिशेने जोर लावतोय असं समजून तासभर घट्ट करत बसलेले लोक मी पाहिलेत. त्यात मीही आहे.

जाळीतली रुई

कपलिंग काढलीच होती म्हणून मिस्तरींनी रेडिएटर पुढून-मागून बॅटरी लावून बघितला. पुढे एसीची जाळी, मागे रेडिएटर, दोघांत बोटभर फट. त्या फटीत रुईचा नमदा झाला होता. अक्षरशः नमदा. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या जिनिंगवर जातात, रस्त्याच्या दोन्ही बाजूला झुडपांवर रुई लटकलेली असते, आमची गाडीही त्यांच्या मागे मागे. ती रुई समोरच्या जाळीतून आत जाते, दोन जाळ्यांमध्ये बसते, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, पावसात ती भिजते आणि वाळून पुठ्ठा होतो. बाहेरून बोनेट उघडून काहीच दिसत नाही. गॅरेजवाल्याने पुढून कितीही पाणी मारलं तरी तो कचरा आणखी आत घट्ट बसतो.

साफ करायचा तर वरच्या पट्टीचे बोल्ट सोडून रेडिएटर थोडा मागे झुकवायचा, किंवा सरळ काढायचा. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने. प्रेशर वॉशर जवळून मारू नका. ॲल्युमिनियमच्या त्या कागदासारख्या पट्ट्या वाकतात आणि जिथे वाकल्या तिथे वारा कायमचा बंद. बागेच्या पाइपचा साधा जोर आणि मऊ ब्रश पुरे. कापसाचा हंगाम संपला की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे एकदा करायचं. केळीच्या पट्ट्यातले, रावेर-यावलकडचे लोक म्हणतील आमच्याकडे रुई नाही. तुमच्याकडे बांधावरचं वाळलेलं गवत आणि किडे असतात, जाळी उघडून बघा.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर हा भाग लोक शोभेचा समजतात. गॅरेजात काम करताना अडचण होते म्हणून काढतात, एखादा तुकडा मोडतो, आणि 'काय फरक पडतो' म्हणून तसंच सोडतात. कव्हर नसेल तर पंखा सगळ्यात सोपा वारा ओढतो, म्हणजे इंजिनच्या बाजूचाच गरम वारा, आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून काहीच येत नाही. आमचं खालचं अर्धं कव्हर पहिल्याच दुरुस्तीत गायब झालं होतं. म्हणजे रेडिएटर साफ करून आणला आणि त्याच दिवशी त्याचा वारा कमी केला.

एसीच्या जाळीपुढे एक छोटा विजेचा पंखाही असतो. त्याची तपासणी सोपी: गाडी सुरू, एसी सुरू, पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो काढून लावून बघता येतो. तरीही नाही तर मोटरच्या वायरचा जोड हातात घेऊन बघा, आमचा जोड वितळून तपकिरी झाला होता. मोटरला पान्याच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर ती फिरायला लागली तर कार्बन झिजलेत. हा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो, म्हणून हात घालण्याआधी त्याचा जोड काढलेला बरा.

पाण्याबद्दल एकच. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. ठिबकच्या नळीची छिद्रं क्षाराने बुजतात आणि दरवर्षी ॲसिड सोडावं लागतं, हे आपल्याकडे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण तोच माणूस त्याच बोअरची बादली रेडिएटरमध्ये ओततो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. झाकणाने दाब धरला तर मिश्रण १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. दाब सुटला तर १०७-१०८ लाच उकळायला लागतं.

आणि गिअरबॉक्स?

नवीन कपलिंग बसली, जाळी साफ झाली, कव्हर मिळालं. पुढच्या फेरीत घाटात आकडा ९६ च्या वर गेला नाही. मी खूश. पण आर टाकल्यावरचा तो विचार आणि धक्का तसाच होता, आणि चढावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये गाडी घुटमळायची, इंजिनचा आवाज वाढायचा पण ओढ नाही.

मिस्तरी ऑटोमॅटिकमधले नव्हते, त्यांनी तसं सरळ सांगितलं. पण त्यांनी रेडिएटरच्या खालच्या टाकीत जाणाऱ्या दोन लोखंडी नळ्यांवर बोट ठेवून विचारलं, "यातून काय जातं माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. त्यातून गिअरबॉक्सचं तेल जातं. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या जोरावर ओढ देतो, आणि हळू वेगात, चढावर, तो तेल घुसळत असतो. त्या घुसळणीची सगळी उष्णता तेलात. ते तेल थंड करायला रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर असतो, म्हणजे इंजिनचं कूलंटच गिअरबॉक्सचं तेल थंड करतं. आता कूलंटच १०४ वर असेल तर ते तेलाला कसं थंड करणार? आमचा पंखा सुस्त होता तेवढी तीन वर्षं प्रत्येक घाटात गिअरबॉक्सचं तेल भाजून निघत होतं. इंजिनला काटा तरी आहे. गिअरबॉक्सला काटाच नाही.

साधारण ८० ते ९५ अंश हे या तेलाला मानवतं. त्यावर प्रत्येक दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं होतं, हा गिअरबॉक्सवाल्यांचा ठोकताळा. अंश मोजायला मी इन्फ्रारेडची बंदूक घेतली. घाट चढून आल्याबरोबर गिअरबॉक्सच्या चेंबरवर, म्हणजे खालच्या तेलाच्या तसराळ्यावर, आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळीवर धरायची. आतलं तेल त्याहून थोडं जास्तच गरम असतं हे धरून चालायचं.

तेल बघण्याची रीत इंजिनपेक्षा वेगळी आहे, आणि इथे निम्मे लोक चुकतात. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून तेल गरम करा. सपाट जागी उभी करा, इंजिन चालूच ठेवा. ब्रेक दाबून लीव्हर पी-आर-एन-डी असा एकदा सगळीकडून फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद, मग पी. आता तेल मोजायची कांडी काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा, आणि 'हॉट' खुणेत बघा. बहुतेक गाड्यांत थंड असताना किंवा बंद इंजिनवर बघितलेली पातळी खोटी असते. जास्त भरलेलं तेल कमी भरलेल्याइतकंच वाईट, कारण फिरते भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाला दाब नसतो. बऱ्याच गाड्यांत कांडीच नसते, बाजूला तपासणीचा नट असतो आणि तेल ठराविक अंशांवर असताना तो उघडून बघायचा असतो. तसं असेल तर ते काम स्कॅनर असणाऱ्याकडे द्या.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. नवीन तेल बहुधा तांबडं, पारदर्शक. विटकरी म्हणजे वय झालं. तपकिरी, आणि करपलेल्या फोडणीसारखा वास, म्हणजे भाजलं. आणि दुधात सरबत घातल्यासारखं गुलाबी, फेसाळ दिसलं तर गाडी तिथेच बंद करा आणि ओढून न्या. रेडिएटरच्या टाकीतला तो छोटा कूलर आतून फुटलाय, कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलंय. आतल्या क्लच प्लेटवरचं अस्तर त्या पाण्याने सुटतं. असं तेल घेऊन पुढच्या गावापर्यंत जातो म्हणणाऱ्याचा गिअरबॉक्सच उतरवावा लागतो.

आमचं तेल तपकिरी निघालं, वासही होता. पण चेंबरमधल्या चुंबकावर करड्या रंगाचा काजळासारखा बारीक लेप होता, कीस किंवा चकत्या नव्हत्या. काजळ चालतं, ते रोजच्या झिजेचं. बोटाला टोचणारा कीस दिसला असता तर मी नवीन तेलावर पैसे घातले नसते.

इथे एक जुना वाद येतो: जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की गिअरबॉक्स मरतो. असं होतं, पण कारण उलटं आहे. क्लच प्लेट आधीच संपलेल्या असतात, घसरायला लागल्यावर मालक तेल बदलायला येतो, आणि दोन आठवड्यांत गिअरबॉक्स जातो. दोष तेलाला. माझं मत असं की गिअर नीट पडत असतील आणि तेल फक्त तपकिरी असेल तर बदला. तेल काळं, चुंबकावर कीस आणि डी टाकूनही चढावर गाडी उभी, असं असेल तर आधी गिअरबॉक्सवाल्याला दाखवा.

मशीन लावून एका झटक्यात सगळं तेल धुऊन काढण्याच्या मी विरोधात आहे, निदान इतक्या जुन्या गाडीत. सोडून-भरणं बरं. आमच्या गिअरबॉक्समध्ये सगळं मिळून नऊ लिटरच्या आसपास तेल आहे, आणि चेंबरचा नट उघडल्यावर निघतं साडेतीन लिटर. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत अडकून बसतं. म्हणजे एकदा बदललं तर नवीन तेल ३९ टक्केच. पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा बदललं की ६३, तिसऱ्यांदा ७७. आम्ही तीनदा केलं. पहिल्या वेळी चेंबर उतरवून फिल्टर आणि पॅकिंग बदललं, पुढच्या दोन वेळा फक्त नट. चेंबरचे बोल्ट हलक्या हाताने, समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळायचे. इंजिनचे बोल्ट आवळल्यासारखा जोर लावला तर पत्रा वाकतो आणि मग गळती कायमची पाहुणी. जेवढं निघालं तेवढं मापून ठेवा आणि तेवढंच भरा.

तेल कोणतं? पुस्तकात जो नंबर लिहिलाय तोच. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं सांगणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नमस्कार करा. या तेलात घसरण किती हवी ते ठरवून रसायनं घातलेली असतात, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. आणि 'आयुष्यभराचं तेल, बदलायची गरज नाही' असं पुस्तकात लिहिलं असेल तर त्याच पुस्तकात मागे खडतर वापराचं पान शोधा. ऊन, धूळ, घाट, मागे ट्रॉली. वाचताना वाटतं खान्देशचंच वर्णन केलंय. मी आता चाळीस हजारला बदलणार.

दुसऱ्या बदलानंतर आर टाकल्यावरचा विचार एका सेकंदावर आला, तिसऱ्यानंतर जवळजवळ गेला. सकाळच्या पहिल्या गिअरला अजून हलकासा धक्का आहे. तो मी मान्य केलाय.

जाताजाता एक बाहेरचा छोटा कूलरही एसीच्या जाळीपुढे लावून घेतला. तेल आधी रेडिएटरच्या टाकीतून, मग या कूलरमधून, मग गिअरबॉक्समध्ये. हे लावताना पाइप गिअरबॉक्सच्या तेलाचाच घ्या. डिझेलचा साधा रबरी पाइप गरम तेलाने मऊ पडतो आणि घाटातच सुटतो. पाइप पंख्याच्या पातीपासून लांब बांधा.

घाटात चालवताना

डी मध्ये सोडून देऊ नका. लीव्हर दोनवर किंवा हाताच्या गिअरवर घ्या, इंजिन दोन-अडीच हजारवर राहू द्या. पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात आणि गाडी गिअर शोधत बसत नाही. चढावर ट्रक थांबला की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी तोलू नका. ही सवय मला क्लचवाल्या गाडीतून आलेली. ऑटोमॅटिकमध्ये तसं करणं म्हणजे तेलाचं पातेलं चुलीवर ठेवणं. ब्रेक दाबा.

आकडा चढतोय आणि पाणी कुठून गळत नाही, वाफ नाही, अशा वेळी एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली. मे महिन्यात हीटर लावायला सांगितल्यावर घरचे लोक कसे बघतात ते मला माहीत आहे, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. जागा बघून थांबा, पी मध्ये इंजिन दीड हजारवर दोन-चार मिनिटं चालू द्या, लगेच बंद करू नका. पाणी संपलं असेल किंवा वाफ येत असेल तर मात्र लगेच बंद. झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. काही इंजिनांत तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत इंजिनमध्ये जातं आणि गाडी आणखी तापते. आम्ही हेही करून बघितलं होतं, एक आठवडा.

गेल्या मे महिन्यात मायला डोळे दाखवायला छत्रपती संभाजीनगरला घेऊन निघालो. दुपारी निघू नये तेव्हा निघालो, साडेबाराला. घाटात रांग होतीच. तिसऱ्या वळणाला पुढचा टेम्पो थांबला आणि बोनेटखालून घोंघाटा सुरू झाला, जुन्या एसटीच्या इंजिनसारखा. माय मागून पुढे वाकली. "हाऊ काय आवाज येस? परत बिघडनी का गाडी?"

मोबाइलवर ९४ होते. मी एसी एक घर वाढवला आणि तिला म्हटलं, काही नाही माय, पंखा आहे.